आंबे खायचे की झाडं मोजायची

‘आम खाने से मतलब, पेड़ गिनने से क्या’ ही म्हण हिंदीतली असली तरी मराठी बोलण्यात ती घरच्यासारखी वावरते. गेली काही वर्षं मी झाडांविषयीचं लेखन थोडं नेटानं वाचते आहे. इंग्रजीत तर अशा पुस्तकांचं पेवच फुटलंय. वाचता वाचता लक्षात आलं की या लेखनाची वाटणी या एका म्हणीनं करता येते. काही जण झाडं मोजतात, काही जण आंबे खातात. झाड दुर्मिळ असेल तर मोजणी, सामान्य असेल तर खाणं. झाडाकडे बघणं दोन्हीकडे कमीच.

हे म्हणणं मला दोन झाडांच्या आधारानं मांडायचं आहे. एक वोलेमी पाइन, ऑस्ट्रेलियातला सूचिपर्णी वृक्ष, ज्याची रानात शंभरसुद्धा प्रौढ झाडं नाहीत. दुसरा आंबा. वर्षाला दोन कोटी टनांहून जास्त आंबा पिकवणाऱ्या देशात त्याची झाडं मोजायला कोण बसणार? जोडी विजोड आहे हे कबूल. पण ‘दुर्मिळ’ आणि ‘सामान्य’ हे शब्द आपण किती ढिले वापरतो ते अशा विजोड जोडीतच उघडं पडतं.

वोलेमीची गोष्ट थोडक्यात सांगते. सप्टेंबर १९९४ मध्ये डेव्हिड नोबल हा न्यू साउथ वेल्सच्या राष्ट्रीय उद्यान खात्यातला कर्मचारी दोन सोबत्यांबरोबर दोर लावून एका अरुंद घळीत उतरला. सिडनीच्या वायव्येला पसरलेलं वोलेमी राष्ट्रीय उद्यान सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचं, आणि त्यातल्या वालुकाश्मात पाण्यानं अशा असंख्य घळी कोरलेल्या. तिथे त्याला ओळखू न येणारं झाड दिसलं. त्याचा नमुना तो बरोबर घेऊन आला. पुढच्याच वर्षी विन जोन्स, केन हिल आणि जॅन ॲलन यांनी ‘टेलोपिया’ या नियतकालिकात त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि नाव दिलं वोलेमिया नोबिलिस. नावातला पहिला शब्दही नवा होता, म्हणजे ज्ञात असलेल्या कुठल्याच प्रजातीत हे झाड बसत नव्हतं. कुळ मात्र ओळखीचं. आपल्याकडे जुन्या बंगल्यांच्या आवारात मजल्यामजल्यांनी फांद्या असलेलं जे ‘ख्रिसमस ट्री’ दिसतं, त्या अराउकारियाच्या कुळातलं हे झाड. त्यामुळे नावात पाइन असलं तरी तो पाइन नव्हे, आणि मराठीत सूचिपर्णी म्हटलं तरी त्याची पानं सुया नव्हेत, चपट्या अरुंद पट्ट्या आहेत.

जेम्स वुडफर्ड या सिडनीच्या पत्रकारानं २००० साली या झाडावर पुस्तक लिहिलं. त्याच्या शीर्षकाचा मराठी अर्थ असा होईल: ‘वोलेमी पाइन – डायनासोरांच्या काळातल्या एका जिवंत जीवाश्माचा अविश्वसनीय शोध’. गोष्ट म्हणून ती पकड घेणारीच आहे, आणि मी त्या पुस्तकाची चिरफाड करायला बसलेले नाही. माझं भांडण उपशीर्षकाशी आहे. कारण या झाडावर नंतर जे लिहिलं गेलं, बातम्या, माहितीपट, रोपाबरोबर मिळणारी माहितीपत्रकं, ते बहुतांशी त्या उपशीर्षकाच्या आतच राहिलं. त्यातला एकेक शब्द धरून बघावा असा आहे.

‘शोध’ घ्या. ‘वोलेमी’ हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेला. ‘आजूबाजूला बघ, डोळे उघडे ठेव’ असा त्याचा अर्थ सांगतात. ज्या माणसांच्या शब्दानं झाडाचं बारसं झालं, त्यांच्या पूर्वजांनी ते पाहिलंच नव्हतं असं गृहीत धरल्याशिवाय शोधकथेचं पहिलं वाक्य लिहिता येत नाही. आणि झाडाच्या नावाचा दुसरा भाग नोबलचा. एका शब्दात बघायला सांगणारे निनावी लोक, दुसऱ्यात बघणारा नाववाला. दोन शब्दांत एवढं काही क्वचितच मावतं.

‘जिवंत जीवाश्म’ हा त्याहून मोठा गोंधळ. वोलेमीच्या परागकणांशी जुळणारे परागकण खडकांत सापडतात आणि त्यांतले सर्वांत जुने सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. हे खरोखर थक्क करणारं आहे. पण मेघालयातल्या दामलगिरीजवळच्या खडकांत एका पानाचा ठसा सापडला, त्याबद्दल किती मराठी वाचकांना माहीत असेल? पॅलिओसीन काळातला ठसा, वय सुमारे सहा कोटी वर्षं. आंब्याच्या पानाशी त्याचं इतकं साम्य की १९९८ साली त्याचं वर्णन करताना संशोधकांनी त्याच्या नावातच मँजिफेरा गुंफला. भारतीय उपखंड तेव्हा आशियाला पुरता भिडलेलासुद्धा नव्हता. परागकण म्हणजे अख्खं झाड नव्हे आणि पान म्हणजेही अख्खं झाड नव्हे. दोन्हीकडे पुरावा एका अवयवाचा आहे आणि दोन्हीकडे सावधपणे बोलायला हवं. तरी एकाला डायनासोरांचा सोबती म्हणतात आणि दुसऱ्याला पेटीत भरतात. आंब्याला कुणी जिवंत जीवाश्म म्हणत नाही याला शास्त्रीय कारण फारसं नाही. तो बाजारात मिळतो, एवढंच.

आता या गदारोळात काय निसटतं ते बघा. वोलेमीची बाजूची फांदी पुढे सहसा फुटत नाही. ती खोडापासून निघते, वाढते, तिच्या टोकाला शंकू धरतो, आणि काम झालं की अख्खी फांदी गळून पडते. आपण पानगळ ओळखतो, इथे फांदीगळ आहे. थंडीत वाढ थांबते तेव्हा शेंड्यांवर पांढऱ्या मेणचट राळेची टोपी येते आणि हवा ऊबदार झाली की ती फोडून कोंब बाहेर पडतो. जून झाडाची साल फुगून आलेल्या बुडबुड्यांसारखी, चॉकलेट उकळताना गोठावं तशी. आणि बुंध्यातून नवे धुमारे फुटत राहतात, त्यामुळे एकाच मुळावर कमीजास्त वयाची पुष्कळ खोडं उभी असतात. हा शेवटचा मुद्दा मोजणीवाल्यांना अडचणीचा आहे. एका मुळावर दहा खोडं असतील तर झाडं किती? ‘शंभराहून कमी’ हा आकडा बातमीत छातीठोकपणे येतो, पण ‘एक झाड’ म्हणजे काय हे ठरवणं त्या घळीत तितकंसं सोपं नाही. चांगला निसर्गलेखक इथे थांबला असता. मी वाचलेल्यांपैकी बहुतेक जण इथून पुढे डायनासोरांकडे पळतात.

त्या घळीची जागा गुप्त ठेवलेली आहे. परवानगीवाचून कुणी जायचं नाही, जाणाऱ्यांनी बूट निर्जंतुक करायचे. याला कारण आहे: २००५ मध्ये तिथे फायटोफ्थोरा ही मुळं कुजवणारी बुरशीसदृश कीड सापडली आणि ती चोरून आलेल्या कुणाच्या तरी बुटांबरोबर आली असावी असा संशय होता. २०१९-२० च्या उन्हाळ्यात त्या भागात प्रचंड वणवा पेटला तेव्हा विमानांतून आग रोखणारं द्रावण टाकलं गेलं, हेलिकॉप्टरनं माणसं घळीत उतरवली, पाण्याच्या नळ्या अंथरल्या. काही झाडं होरपळली, बहुतेक वाचली. हे काम करणाऱ्यांबद्दल मला निखळ आदर आहे, आणि पुढचं वाचताना तो कमी झाला असं समजू नये.

पण याच झाडाच्या दोन गोष्टी मोजणीच्या कथेत नीट बसत नाहीत. पहिली: संशोधकांनी या झाडांच्या जनुकांची शेकडो ठिकाणी तपासणी केली तेव्हा झाडाझाडांत फरकच सापडेना. वेगवेगळ्या जागी उभी असलेली झाडं जनुकांच्या पातळीवर जवळपास एकसारखी. दुसरी: ऑक्टोबर २००५ मध्ये सिडनीत सदबीज या लिलावसंस्थेनं वोलेमीची २९२ रोपं विकली आणि दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर रक्कम आली. पुढच्या वर्षापासून रोपं सर्वांसाठी बाजारात आली. त्यामागचा विचार शहाणपणाचाच होता. घराघरांत रोप मिळालं की घळीतल्या झाडाची चोरी करण्यात काही हशील उरत नाही, वर संवर्धनाला पैसा मिळतो. आज युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी अंगणांत आणि कुंड्यांत वोलेमी उभा आहे. ती रोपं मुख्यतः छाटे लावून केलेली. म्हणजे रानातल्या झाडाचीच प्रत.

तर वोलेमीचं नेमकं काय दुर्मिळ आहे? ती घळ आणि तिच्यातला त्याचा रानटी वावर, हे नक्की दुर्मिळ. पण त्यातलं एक झाड गेलं तर जगातून न परतणारं काय गेलं, असं विचारलं तर उत्तर अवघड आहे. त्याच्यासारखंच दुसरं आहे, आणि कुंडीतही आहे. हे मी झाडाला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. ‘दुर्मिळ’ हा शब्द जातीला लावलेला असतो आणि आपण तो नकळत एकेका झाडाला चिकटवतो, एवढंच दाखवायचं आहे. कारण आंब्याच्या बाबतीत आपण याच्या बरोबर उलटं करतो. ‘सामान्य’ हा शब्दही जातीचाच, पण तो एकेका झाडाला चिकटवून आपण मोकळे होतो.

आंब्यावरच्या लेखनाकडे येते. मराठीत दर मे महिन्यात आंब्याचा लेख येतो. त्यात आजोळ असतं, माजघरातली आढी असते, गवताचा वास असतो, बनियनवर ओघळलेला रस असतो, पंगतीत वाट्यांवर वाट्या रिचवणारे एक काका असतात, आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात हल्लीच्या आंब्याला ती चव राहिली नाही असं असतं. मी हे लेख आवडीनं वाचते. त्यांत माणसं जिवंत असतात. पण अशा लेखात झाडाला पान असतं का, साल असते का? झाड म्हणजे आंबे ज्याला लटकतात ती वस्तू. मोहोर येतो तोही पुढच्या फळाची हमी म्हणून. फाल्गुन-चैत्रात आंब्याला तांबूस, लोंबती, हात लावला तर मऊ लागणारी नवी पानं फुटतात आणि काही दिवस झाड आजारी असल्यासारखं दिसतं, हे मी मे महिन्याच्या लेखात कधी वाचलेलं नाही. एका तुऱ्यावर शेकडो फुलं असतात, त्यांतली बरीचशी नुसती नर, आणि शेवटी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच फळं टिकतात. एवढा मोठा तोटा सोसून झाड जगतं, यावरही कुणी लिहिलेलं आठवत नाही. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ चं. रोजच्याच झाडांकडे महिन्यामागून महिना बघण्याची सवय त्या पुस्तकानं लावायला हवी होती. आपण त्यातली भाषा उचलली, बघणं नाही.

फळाचा हा जुलूम जुना आहे. बाबर आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या फळांची पाहणी करतो तेव्हा आंब्यापासून सुरुवात करतो, चांगला आंबा खरोखर चांगला असतो हे मान्य करतो, पण लोक करतात तितक्या स्तुतीला तो पात्र नाही असंही बजावतो. त्याच्या मनात खरबुजं होती. तोही शेवटी परीक्षक, चवीचा. त्याआधी कित्येक शतकं कालिदासानं ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात मात्र वेगळं काही केलं होतं. तिथे दोन दासी बागेत येतात आणि आंब्याचा पहिला मोहोर बघून हरखतात. राजा विरहात आहे, त्यानं वसंतोत्सवाला बंदी घातली आहे, आणि ही बंदी झाडांनीही पाळली आहे, मोहोर आला तरी त्यात पराग धरलेला नाही, असं कंचुकी त्यांना सांगतो. कल्पना दरबारी आहे. पण मोहोराच्या आत परागापर्यंत डोळा गेला आहे. मोहोर येणं आणि पराग धरणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत हे नाटककाराला दिसलेलं आहे. फळाचा तिथे पत्ताच नाही.

मला मात्र खरा धागा सापडतो तो दोन परदेशी लेखकांत, आणि दोघांचाही संबंध मुंबईशी आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्याला आला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडानं होतं. त्याचं औषधी वनस्पतींवरचं संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. त्यातल्या आंब्याच्या संवादात मुंबईहून त्याचा खंडकरी आंब्यांची करंडी घेऊन येतो, आणि ओर्ता सांगतो की माझ्या त्या बेटावर एक झाड आहे, ते वर्षातून दोनदा फळतं, एकदा नाताळच्या सुमारास आणि एकदा मेअखेर. सगळ्या संवादात मला महत्त्वाचं वाटतं ते हे एक झाड. आंबा कसा असतो हे सांगताना त्याला ‘एक’ झाड सांगावंसं वाटतं, जे इतरांसारखं नाही.

अडीचशे वर्षांनी मराया ग्रॅहम मुंबईत आली. तिच्या १८१२ साली प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीत माझगावच्या आंब्याचा उल्लेख आहे. त्या जातीची सगळी कलमं ज्या मूळ झाडावरून केली, त्या झाडाभोवती फळांच्या दिवसांत शिपायांचा पहारा असतो, असं ती लिहिते. शहाजहानच्या काळात दिल्लीच्या दस्तरखानासाठी मराठी किनाऱ्यापासून टपाली माणसं ठेवली होती, असंही तिनं ऐकलं होतं. पहाऱ्याचं वाचताना मला वोलेमीची घळ आठवल्याशिवाय राहत नाही. पहारा तिथेही आहे, इथेही होता. फरक असा की ऑस्ट्रेलियातला पहारा एका जातीवर आहे आणि माझगावातला एका झाडावर होता. आंबा तेव्हाही मुबलकच होता. मुबलक जातीतलं एक झाड पहारा ठेवण्याइतकं वेगळं असू शकतं, हे त्या मुंबईला कळत होतं.

का कळत होतं, हे आंब्याच्या कोयीत आहे. आंब्याच्या फुलांवर माश्या आणि इतर किडे येतात, परागांची देवघेव होते, आणि उत्तर भारतातल्या व दख्खनातल्या बहुतेक आंब्यांच्या कोयीतून एकच रोप उगवतं, दोन झाडांच्या मिश्रणाचं. म्हणून हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही, काहीतरी तिसरंच येतं. किनारपट्टीवर काही आंब्यांच्या कोयीतून अनेक रोपं येतात आणि त्यांतली काही आईसारखी निघतात, तो भाग वेगळा. कोयीपासून वाढलेल्या या झाडाला आपण रायवळ म्हणतो. रायवळ हा शब्द आपल्या तोंडी ‘बिनजातीचा’ अशा अर्थानं येतो. वास्तविक प्रत्येक रायवळ ही स्वतःपुरती एक जात असते, जिचं एकच झाड जगात आहे.

हापूस, पायरी, मानकुराद, लंगडा, दशेरी ही सगळी मंडळी मुळात अशीच. कधीतरी कुठेतरी कोयीतून उगवलेलं एकेक झाड, ज्याच्याकडे कुणीतरी नीट बघितलं आणि त्याची काडी दुसऱ्या खुंटावर बांधली. लखनौजवळच्या दशेरी गावात त्या जातीचं मूळ झाड अजून दाखवतात. हापूसच्या नावात अल्बुकर्कचा अफोन्सो आहे आणि कलमांची रीत किनाऱ्यावर रुजवण्यात पोर्तुगिजांचा हात आहे. त्यानंतर कोकणानं भेटकलमं आणि कोयकलमं बांधून एका झाडाची लक्षावधी झाडं केली. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. मानांकन मिळालं ते प्रतींना. त्यात वाईट काही नाही, पोटाचा प्रश्न आहे आणि मला हापूस आवडतो. पण जनुकांच्या हिशेबानं हापूसची बाग आणि वोलेमीची घळ एकमेकींच्या जवळ आहेत. तुडतुडे किंवा साका एका झाडाला छळतो तेव्हा शेजारच्यालाही तितकाच छळू शकतो, कारण शेजारचं झाडही तेच आहे. खरं वैविध्य बागेच्या कुंपणाबाहेर, बांधावर, ओढ्याच्या काठी, रस्त्याच्या कडेला उभं असतं. गंमत म्हणजे हापूसचा खुंटसुद्धा रायवळच. प्रत्येक हापूसच्या खाली एक रायवळ कापून गाडलेला असतो.

म्हणजे दुर्मिळाची व्याख्या एकेका झाडाला लावायची ठरवली तर पारडं उलटतं. वोलेमीचं झाड पुन्हा मिळू शकतं. ओढ्यावरचा म्हातारा रायवळ तोडला, त्याची काडी कुणी बांधलेली नसेल, तर तो आंबा संपला. त्या चवीचा, त्या वासाचा, त्या वेळी पिकणारा.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मग काय प्रत्येक जांभूळ, प्रत्येक चिंच, प्रत्येक माणूससुद्धा एकमेव. एकमेव असणं ही काही गुणवत्ता नव्हे, जगातली बहुतेक रायवळ फळं आंबट, रेषाळ आणि बाठ्यानं भरलेली असतात. खरं आहे. मलाही प्रत्येक रायवळाभोवती शिपाई उभे करायचे नाहीत. पण आंब्याच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट आहे. या झाडांना माणसांनी शतकानुशतकं चाखून, निवडून, नावं देऊन ठेवलं आहे. शेंदऱ्या, खोबऱ्या, साखऱ्या, केळ्या, शेप्या. शेप्याला खरोखर शेपूचा वास येतो. नाव दिलं म्हणजे कुणीतरी बघितलं. कुठला लोणच्याला, कुठला आंबोशीला, कुठला साठं घालायला, कुठला नुसता चोखायला, ही वर्गवारी कागदावर नाही, पण ‘टेलोपिया’तल्या वर्णनाइतकीच बारकाईची आहे. कर्नाटकात शिरसी-सागर भागात अप्पेमिडी नावाचे लोणच्याचे आंबे होतात. नदीकाठच्या रानातली ही झाडं. तिथल्या लोकांनी एकेक झाड वेगळं ओळखलं, काहींना माणसांची नावं दिली, कलमं केली, आणि त्यांना मानांकनही मिळालं. झाडं मोजणं आणि आंबे खाणं एकाच माणसानं केलं तर काय होतं, याचं हे उदाहरण.

आता तिसऱ्या प्रकारच्या लेखनाबद्दल. त्याला कुणी लेखन म्हणत नाही, पण झाडांविषयी मराठीत सर्वांत जास्त मजकूर त्याच प्रकारात तयार होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका रस्त्याच्या रुंदीकरणात जाणाऱ्या झाडांचा पंचनामा माझ्या हाती आला. अनुक्रमांक, गट नंबर, झाडाचा प्रकार, बुंध्याचा घेर, संख्या, शेरा. चांगलं रेखीव अक्षर. एका ओळीत ‘आंबा (रायवळ)’, संख्या ४, शेरा निरंक. कायद्याला आंबा ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत हिरडा, मोह, चिंच, फणस यांच्याबरोबर आंबाही आहे, परवानगीवाचून तोडता येत नाही. परवानगी काढली जाते. परवानगी जातीची असते आणि कुऱ्हाड एका झाडावर पडते.

समीक्षक म्हणून मला तो पंचनामा प्रामाणिक वाटतो. तो मोजतो आणि आपण मोजतोय हे लपवत नाही. डायनासोर आणत नाही, आजोळ आणत नाही. वोलेमीच्या माहितीपत्रकापेक्षा आणि मे महिन्याच्या लेखापेक्षा त्याची भाषा स्वच्छ आहे. त्याची उणीव एकाच रकान्याची आहे. ‘शेरा’ हा रकाना छापलेला होता आणि भरायला जागाही होती.

त्या जागेत काय लिहिता आलं असतं, हे मी नंतर तिथल्या दोन-तीन वयस्कर बायकांना विचारलं. पहिलं झाड खोबऱ्या, आतून पांढरट, कच्चं खाल्लं तरी दात आंबत नसत; बाळंतिणीच्या डोहाळ्यांना हाच नेत. दुसऱ्याला चीक फार, देठाशी काळा पडायचा, पण लोणचं दोन वर्षं टिकायचं, फोड मऊ पडायची नाही. तिसरा एक वर्षाआड धरायचा आणि धरला की फांद्या मोडेपर्यंत. त्याचा बुंधा तिघींनी हात धरले तरी कवेत यायचा नाही, आणि पोकळीत दरवर्षी पिंगळे असायचे. चौथा सगळ्यांत उशिराचा. त्याचे आंबे लहान, गोटीएवढे, आषाढात पावसाबरोबर पडायचे. तोवर शाळा सुरू झालेल्या असत आणि मुंबईची मुलं परत गेलेली असत, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणी लिहिलेलं नाही. तो तिथल्याच मुलांनी खाल्ला, शाळेत जाता-येता, दप्तर डोक्यावर धरून.